मेक्सिकन भुंगेरा : गाजर गवतावरील पर्णभुंगेऱ्याचा जीवनक्रम व जैविक नियंत्रणातील त्याचे स्थान

प्रस्तावना

ऑगस्ट महिन्यात रस्त्याच्या कडेला, पडीक जमिनीवर किंवा महाविद्यालयाच्या मोकळ्या आवारात वाढलेल्या गाजर गवताकडे बारकाईने पाहिल्यास काही ठिकाणी त्याची पाने चाळणीसारखी झालेली दिसतात. काही झाडांना तर केवळ शिरा व खोड उरलेले असते. अशा झाडाचे पान उलटून पाहिले असता मळकट पांढऱ्या पाठीवर तपकिरी नागमोडी रेषा व ठिपके असलेला, तांदळाच्या दाण्याएवढा एक कीटक आढळतो. शेतकऱ्यांमध्ये तो 'मेक्सिकन भुंगा' या नावाने परिचित आहे. त्याचे शास्त्रीय नाव झायगोग्रामा बायकलरॅटा असे आहे. हा कीटक मूळचा भारतातील नसून परदेशातून हेतुपुरस्सर आणून येथे सोडण्यात आला आहे.

गेल्या चार दशकांत या भुंगेऱ्याच्या वाट्याला स्तुती आणि निंदा दोन्ही भरपूर आली. गाजर गवताचा समूळ नायनाट करणारा कीटक म्हणून त्याचे स्वागत झाले, तर सूर्यफुलाची नवी कीड म्हणून त्याच्यावर बंदीही आली. या दोन्ही प्रसंगी त्याच्या जीवनक्रमाकडे पुरेसे लक्ष दिले गेले नाही. तो काय करू शकतो व काय करू शकत नाही, याची उत्तरे त्याच्या खाण्याच्या सवयीत आणि वर्षभराच्या वेळापत्रकात दडलेली आहेत. प्रस्तुत लेखात या दोन बाबींचा प्रामुख्याने विचार केला आहे.

ओळख

पर्णभुंगेरे हे कवचपंखी कीटकांच्या क्रायसोमेलिडी या कुलातील होत. हे कुल अतिशय मोठे असून त्यातील बहुतेक जातींचे प्रौढ व अळ्या वनस्पतींच्या हिरव्या भागांवर जगतात. युरोप-अमेरिकेत बटाट्याच्या पिकाचे अतोनात नुकसान करणारा कोलोरॅडो भुंगेरा याच कुलातील व याच उपकुलातील आहे. एकाच उपकुलातील एक जाती शेतकऱ्याची शत्रू आणि दुसरी मित्र ठरावी, यात निसर्गाच्या दृष्टीने काहीच विसंगत नाही. दोन्ही जाती आपापल्या ठरलेल्या वनस्पतीची पाने खातात. त्या वनस्पतीचे मोल माणसाने ठरवलेले असते.

झायगोग्रामा बायकलरॅटा या जातीचे वर्णन पॅलिस्टर या कीटकशास्त्रज्ञाने १९५३ मध्ये केले. 'झायगोग्रामा' हे प्रजातीचे नाव जोखड व रेषा या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांवरून आलेले असून 'बायकलरॅटा' म्हणजे दुरंगी. प्रौढ भुंगेरा सुमारे सहा मिलिमीटर लांबीचा असतो. डोके व वक्षाचा पाठीकडील भाग तपकिरी असतो. पुढचे कठीण पंख फिकट असून त्यांवर गडद तपकिरी वळणदार पट्टे असतात. हे पट्टे काही भुंगेऱ्यांत जाड, काहींत बारीक, तर काहींत तुटक होऊन ठिपक्यांसारखे दिसतात. त्यामुळे केवळ नक्षीवरून ओळख पटविणे धोक्याचे ठरते.

या ठिकाणी एका नेहमीच्या गोंधळाचा उल्लेख आवश्यक आहे. ठिपके असलेला कोणताही गोलसर भुंगेरा दिसला की विद्यार्थी त्यास लेडीबर्ड, म्हणजेच ढालकिडा, म्हणून मोकळे होतात. ढालकिडे हे कॉक्सिनेलिडी कुलातील असून त्यांतील बहुसंख्य मावा खाणारे आहेत. वांगी-बटाट्याची पाने खाणारा अठ्ठावीस ठिपक्यांचा भुंगेरा हा मात्र त्याच कुलातील अपवाद होय. सहज करता येण्याजोगा फरक स्पर्शिकांत आहे. ढालकिड्याच्या स्पर्शिका आखूड व टोकाशी गदेसारख्या फुगीर असतात. पर्णभुंगेऱ्याच्या तुलनेने लांब व दोऱ्यासारख्या असतात. भिंगाखाली पाय पाहिल्यास पर्णभुंगेऱ्याच्या पावलाचे चार खंड दिसतात, ढालकिड्याचे तीन. प्रत्यक्षात दोहोंतही एकेक खंड अधिक असतो, पण तो इतका लहान असतो की सहसा नजरेस पडत नाही. प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकात या दोन कीटकांची शेजारी-शेजारी तुलना करून घेतल्यास हा गोंधळ कायमचा मिटतो.

गाजर गवताची पार्श्वभूमी

भुंगेऱ्याविषयी बोलताना त्याच्या अन्नवनस्पतीस टाळता येत नाही. पार्थेनियम हिस्टेरोफोरस ही वनस्पती मूळची मेक्सिको व उष्णकटिबंधीय अमेरिकेतील. भारतात तिची ठळक नोंद झाली ती पुण्यात. १९५५ च्या सुमारास पुण्यातील उकिरड्यांच्या जागी ती आढळली व आर. एस. राव यांनी १९५६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात तिची नोंद प्रसिद्ध केली. अमेरिकेतून पीएल-४८० कराराखाली आलेल्या गव्हाबरोबर हे बी आले, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. परंतु तो करार ऑगस्ट १९५६ चा आहे, तर पुण्यातील झाडे त्याआधीच उगवलेली होती. अमेरिकन गहू १९५१ पासूनच देशात येत असल्याने गव्हाबरोबर बी आले असण्याची शक्यता उरतेच. तथापि 'पीएल-४८०' हे नाव घेऊन सांगितली जाणारी कथा तारखांच्या कसोटीवर टिकत नाही.

या तणाचा मानवी आरोग्याशी असलेला संबंधही प्रथम पुण्यातच लक्षात आला. गवताच्या संपर्कात येणाऱ्या व्यक्तींच्या चेहऱ्यावर, मानेवर व हातांवर तीव्र त्वचादाह होत असल्याचे येथील डॉक्टरांना आढळले. लोणकर, मिचेल व कॅल्नन यांचा या विषयावरील शोधनिबंध १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. या विकारास प्रामुख्याने पार्थेनिन हे रासायनिक द्रव्य कारणीभूत असते. शेतमजूर, खुरपणी करणाऱ्या स्त्रिया व सफाई कामगार यांना त्याचा सर्वाधिक त्रास होतो. ज्याला एकदा या द्रव्याची ॲलर्जी जडली, त्याच्या बाबतीत अल्पशा संपर्कानेही विकार पुन्हा बळावतो.

एका झाडापासून हजारो बिया तयार होतात. पंधरा ते पंचवीस हजार हा आकडा सामान्यतः दिला जातो. ओलावा मिळाल्यास बी वर्षाच्या कोणत्याही काळात उगवते आणि उगवणीपासून साधारण महिना-दीड महिन्यात झाड फुलावर येते. बियांचा साठा जमिनीत काही वर्षे टिकतो. ही तीन वैशिष्ट्ये ध्यानात ठेवणे आवश्यक आहे, कारण भुंगेऱ्याची खरी परीक्षा येथेच होते.

भारतातील आगमन

जैविक नियंत्रणाचे तत्त्व सोपे आहे. परक्या भूमीत पोहोचलेल्या वनस्पतीला तिचे मूळचे शत्रू तेथे भेटत नाहीत, म्हणून ती बेसुमार वाढते. ते शत्रू शोधून, तपासून, तिच्यामागोमाग आणावयाचे असतात. अमलात आणताना मात्र हेच तत्त्व अत्यंत जोखमीचे ठरते, कारण आणलेला कीटक परत पाठविता येत नाही.

गाजर गवतासाठी मेक्सिकोतून १९८० च्या दशकात बंगळूर येथे एकाहून अधिक कीटक आणण्यात आले. त्यांपैकी एपिब्लेमा स्ट्रेन्युआना हा खोडात गाठी करणारा पतंग ऑस्ट्रेलियात उपयुक्त ठरलेला होता. परंतु बंगळूरच्या चाचण्यांत तो कारळ्याच्या पिकावरही वाढू शकतो असे निष्पन्न झाले. कारळे, म्हणजेच खुरासणी, हे आपल्याकडील डोंगराळ व आदिवासी पट्ट्यातील तेलबियांचे पीक आहे. ऑस्ट्रेलियात त्याला महत्त्व नाही. त्यामुळे तो कीटक भारतात सोडण्यात आला नाही. एका देशात निर्धोक ठरलेला कीटक दुसऱ्या देशात तसा ठरेलच असे नाही, याचे याहून चांगले उदाहरण वर्गात शिकविताना मिळणे कठीण आहे. दुर्दैवाने पाठ्यपुस्तकांत यशाच्या कथाच अधिक असतात, नाकारलेल्या कीटकांची कथा क्वचितच येते.

झायगोग्रामा मात्र चाचण्यांत उतरला. १९८३ मध्ये आयात झालेला हा भुंगेरा भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेतील के. पी. जयंत व त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासला आणि १९८४ मध्ये बंगळूर परिसरात सोडला. पहिली काही वर्षे तो जेमतेम तग धरून होता. १९८८ मध्ये त्याची संख्या एकाएकी वाढली व पावसाळ्यात गाजर गवताचे विस्तीर्ण पट्टे निष्पर्ण झालेले दिसू लागले. ऑस्ट्रेलियातील अनुभव याहून अधिक बोलका आहे. क्वीन्सलँडमध्ये हा भुंगेरा १९८० पासून सोडण्यात आला. परंतु सुमारे दहा वर्षे तो फारसा दिसलाच नाही आणि १९९० नंतर तेथेही त्याचे उद्रेक होऊ लागले. कीटक सोडल्यावर दोन-तीन वर्षांत अहवाल मागणाऱ्या योजनांच्या रचनेत अशा विलंबाला जागा नसते. १९८६ साली बंगळूरच्या प्रयोगाचे मूल्यमापन झाले असते, तर बहुधा तो निष्फळ ठरला असता.

बंगळूरनंतर कर्नाटक, आंध्र प्रदेश, तामिळनाडू, महाराष्ट्र व पुढे मध्य भारतात हा भुंगेरा काही ठिकाणी स्वतः पसरला, काही ठिकाणी नेऊन सोडण्यात आला. जबलपूर येथील तण संशोधन केंद्राने, म्हणजेच आजच्या तण संशोधन संचालनालयाने, त्याचे मोठ्या प्रमाणावर वितरण केले. महाराष्ट्रातील कृषी विद्यापीठांनीही त्याच्या संवर्धनात भाग घेतला. २००३ च्या सुमारास तो लाहोर परिसरात व २००९ मध्ये नेपाळात आढळला. या दोन्ही देशांत त्याला कोणी मुद्दाम नेले नव्हते.

जीवनक्रम

मादी पानांच्या खालच्या बाजूस, कळ्यांवर व कोवळ्या शेंड्यांवर पिवळसर ते नारिंगी रंगाची अंडी एकेकटी किंवा लहान पुंजक्यांत घालते. चार ते सात दिवसांत अंडी उबून अळ्या बाहेर पडतात. लहान अळ्या प्रथम शेंड्याच्या व पानांच्या बेचक्यातील कळ्यांत शिरून खातात. अळीच्या एकूण चार अवस्था असून वाढलेल्या अळ्या पाने कुरतडतात. शेंड्यापासून सुरू होणाऱ्या या खाण्यास विशेष महत्त्व आहे, कारण त्यामुळे झाडाची वाढ व फुलोरा दोन्ही खुंटतात. दहा ते पंधरा दिवसांत पूर्ण वाढ झालेली अळी झाडावरून उतरून जमिनीत शिरते व मातीत कोष करते. नऊ ते बारा दिवसांनी प्रौढ भुंगेरा बाहेर येतो. अशा रीतीने अंड्यापासून प्रौढापर्यंतचा प्रवास सुमारे एका महिन्यात पूर्ण होतो आणि एका पावसाळ्यात अनेक पिढ्या निघतात.

लखनौ विद्यापीठातील ओमकार व त्यांच्या सहकाऱ्यांनी या कीटकाच्या वाढीचा दीर्घकाळ अभ्यास केला आहे. त्यांना असे आढळले की एकाच वेळी घातलेल्या अंड्यांतून निघालेल्या अळ्यांत काही झपाट्याने वाढतात, तर काही रेंगाळतात. निवडीच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे. संवर्धनगृहात झपाट्याने वाढणारेच भुंगेरे नकळत निवडले जाण्याची शक्यता असते, आणि ते शेतातील बदलत्या परिस्थितीत सरस ठरतीलच असे गृहीत धरता येत नाही.

पावसाळा सरू लागला की प्रौढ भुंगेरे खाणे व अंडी घालणे थांबवून जमिनीत शिरतात. ही सुप्तावस्था हिवाळा व उन्हाळा व्यापते. मान्सूनपूर्व सरींनी किंवा मान्सूनच्या पहिल्या पावसाने जमीन भिजल्यावर ते पुन्हा वर येतात. म्हणजेच वर्षातील निम्म्याहून अधिक काळ हा भुंगेरा जमिनीखाली असतो. गाजर गवत मात्र असे थांबत नाही. कालव्याच्या कडेने, पाटाच्या पाण्याखालील शेतांच्या बांधावर, सांडपाण्याच्या नाल्यांलगत ते हिवाळ्यात व उन्हाळ्यातही उगवते, फुलते आणि बी टाकते. सिंचित भागांत 'भुंगेरे सोडूनही गवत तसेच आहे' अशी तक्रार ऐकू येते, तिचे मूळ या विसंगतीत आहे. कोरडवाहू भागात गवताचा व भुंगेऱ्याचा हंगाम जवळजवळ एकच असल्याने तेथे परिणाम अधिक ठळक दिसतो.

याखेरीज येथील परभक्षी कीटकांनीही या नवागताची दखल घेतली आहे. अँड्रॅलस स्पिनिडेन्स हा ढेकूणवर्गीय कीटक त्याच्या अळ्यांना सोंड खुपसून शोषून घेतो. परक्या वनस्पतीला शत्रू नसतात म्हणून परका कीटक आणावा, तर त्या कीटकाला मात्र येथे शत्रू लाभतात, असा हा विचित्र प्रकार आहे.

सूर्यफुलाचा वाद

१९९१ मध्ये कर्नाटकात हे भुंगेरे सूर्यफुलाची पाने खात असल्याचे वृत्त आले व खळबळ उडाली. सूर्यफूल हे त्या काळी दख्खनच्या कोरडवाहू पट्ट्यातील महत्त्वाचे तेलबियांचे पीक होते. लातूर-सोलापूरकडील शेतकऱ्यांसाठीही तो जिव्हाळ्याचा प्रश्न होता. खाद्यतेलाच्या आयातीवरील खर्च कमी करण्यासाठी या पिकाचा प्रसार चालू असताना सरकारी संस्थेनेच सोडलेला कीटक त्यावर तुटून पडावा, हा आरोप गंभीर होता. केंद्र सरकारने सत्यशोधन समिती नेमली. पुढील काही वर्षे नव्या ठिकाणी भुंगेरे सोडण्यास मनाई राहिली.

निरीक्षण खोटे नव्हते. भुंगेरे सूर्यफुलावर होते आणि पाने खातही होते. परंतु प्रश्न असा होता की चाचण्यांत उतरलेल्या कीटकाने आपली सवय बदलली की परिस्थितीत काही वेगळे घडत होते? याचे उत्तर जयंत व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगातून मिळाले. गाजर गवताचे परागकण आसपासच्या वनस्पतींच्या पानांवर मोठ्या प्रमाणात पडतात. हे परागकण इतर वनस्पतींना अपायकारक असल्याचे बंगळूर येथेच १९८० च्या सुमारास कांचन व जयचंद्र यांनी दाखवून दिले होते. भुंगेऱ्यांच्या बाबतीत त्याच परागकणांनी वेगळेच काम केले. परागकण पडलेल्या सूर्यफुलाच्या पानांवर भुंगेऱ्यांनी खाण्यास सुरुवात केली. म्हणजे भुंगेऱ्याच्या दृष्टीने त्या पानाला गाजर गवताची चव होती.

आता शेतातील चित्र स्पष्ट होते. सूर्यफुलाच्या शेताभोवती गाजर गवताचे रान माजलेले. पावसाळ्याच्या शेवटी वाढलेल्या पिढीने ते सारे निष्पर्ण केलेले. हजारो उपाशी प्रौढ लगतच्या शेतात शिरलेले आणि तेथील पानांवर गवताचे परागकण साचलेले. हा प्रादुर्भाव प्रामुख्याने प्रौढांचा व तात्पुरता होता. सूर्यफुलावर पिढ्यानपिढ्या वाढणारी कीड असे त्याचे स्वरूप नव्हते. पुढील तपासणीनंतर १९९९ मध्ये मनाई उठविण्यात आली. त्यानंतरच्या काळातही हा भुंगेरा सूर्यफुलाची स्थायी कीड झालेला नाही. सूर्यफुलाखालील क्षेत्र नंतर देशभर मोठ्या प्रमाणात घटले, पण त्याच्या कारणांत या भुंगेऱ्याचा समावेश होत नाही.

असे असले तरी शेतकऱ्यांच्या तक्रारीला अडाणीपणा ठरविणे सर्वस्वी अन्यायाचे होते. त्यांनी जे पाहिले तेच सांगितले. त्रुटी चाचणीच्या पद्धतीत होती. बंद खोलीत स्वच्छ पाने पुढे ठेवून केलेल्या चाचणीत शेतातील धूळ, पराग आणि उपासमार यांचा समावेश नव्हता. शेतकऱ्यांच्या निरीक्षणामुळेच परागकणांचा प्रयोग झाला व कीटकांच्या आहारनिवडीविषयीच्या ज्ञानात मोलाची भर पडली.

प्रत्यक्ष उपयोग

भुंगेरा झाडाला क्वचितच मारतो. त्याचे खरे काम फुलोरा व बीजोत्पादन घटविणे, आणि पाने गेल्यामुळे जमिनीवर पोहोचणाऱ्या उजेडात इतर वनस्पतींना वाढू देणे हे आहे. बंगळूर परिसरात गाजर गवत दबल्यावर तेथे पूर्वीच्या वनस्पती परतत असल्याचे जयंत व विशालाक्षी यांनी नोंदविले आहे. आपल्याकडे टाकळ्यासारखी वनस्पती अशा मोकळ्या झालेल्या जागेत चांगली स्पर्धा करते. म्हणून भुंगेरा व टाकळा यांचा एकत्रित उपयोग सुचविला जातो. नव्या ठिकाणी हेक्टरी पाचशे ते हजार प्रौढ भुंगेरे सोडावेत अशी शिफारस आहे. ते गोळा करणे अवघड नाही, मात्र गवत हाताळताना हातमोजे व पूर्ण बाह्यांचे कपडे वापरणे अत्यावश्यक आहे.

महाविद्यालयांच्या दृष्टीने एका बाबीचा विचार होणे गरजेचे आहे. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट या काळात देशभर गाजर गवत जागृती सप्ताह पाळला जातो. राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक या सप्ताहात आवारातील गवत उपटून ढीग करतात व जाळतात. गवत फुलावर येण्यापूर्वी उपटणे योग्यच आहे. परंतु नेमक्या याच काळात पानांवर भुंगेऱ्याची अंडी व अळ्या सर्वाधिक असतात. गवताबरोबर त्याही आगीत जातात, आणि पुढील वर्षी त्याच आवारात भुंगेरे विकत किंवा मागून आणण्याची वेळ येते. ज्या झाडांवर कुरतडलेली पाने दिसतात ती तशीच ठेवून, भुंगेरे नसलेल्या भागातील गवत आधी काढल्यास दोन्ही हेतू साध्य होतात. सप्ताहापूर्वी विद्यार्थ्यांकडून आवाराची पाहणी करून भुंगेरे असलेल्या जागांवर खुणा करून घेणे हे एका दुपारचे काम आहे. त्या जागा डिसेंबर ते मे या काळात नांगरणे, खणणे किंवा मुरूम टाकून सपाट करणेही टाळावयास हवे. सुप्तावस्थेतील भुंगेरे तेथील मातीतच असतात आणि जूनच्या पावसात ते तेथूनच वर येतात.